म्हणे

मराठी शिकवणाऱ्या माणसाला शब्दांचे भारी वेड असते, असा एक समज आहे. खरे सांगायचे तर वीस वर्षे शिकवल्यावर बहुतेक शब्दांशी आमचे नाते जुन्या संसारासारखे होते. ते घरात आहेत एवढे पुरे. त्यांच्याकडे निरखून कोण पाहतो! पण एक शब्द असा आहे, की तो कानावर पडला की मी अजूनही दचकते. शब्द अगदी साधा. ‘म्हणे’.

गोष्टीतला राजा ‘म्हणे’, प्रधान ‘म्हणे’, तेव्हा त्या शब्दाबरोबर बोलणारा हजर असतो. पण रोजच्या बोलण्यात हा शब्द एकटाच हिंडतो. ‘त्यांचे दुकान बुडाले म्हणे.’ ‘धाकटी सून माहेरी निघून गेली म्हणे.’ कोण म्हणे? ते विचारायचे नसते. वाक्यातला कर्ता असा अलगद निसटून गेला, की बोलणाराही मोकळा आणि ऐकणाराही मोकळा.

या शब्दाची नव्याने ओळख पटली ती मात्र वर्गात नव्हे; आणि मराठी मुलखातही नव्हे.

२०२३ च्या जानेवारीत धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी मी बिनपगारी रजा घेऊन अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना राज्यात, कोलंबिया शहरी गेले. आईला आता एवढा प्रवास झेपत नाही. तेव्हा डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा आणि ताई असा सगळा ऐवज एकाच विमानाने रवाना झाला. बाळ तान्हे, बहीण अर्धवट झोपेत, मेहुणे कामावर. घरात मोठ्याने बोलणारा एकच, तो म्हणजे टेलिव्हिजन. आणि त्या दिवसांत तिथल्या टेलिव्हिजनला एकच विषय होता : अ‍ॅलेक्स मर्डॉक नावाच्या वकिलाचा खटला.

हे घराणे साधेसुधे नव्हते. पणजोबा, आजोबा आणि वडील असे तिघे जण १९२० पासून २००६ पर्यंत त्या भागातल्या पाच कौंटींचे निवडून आलेले सरकारी वकील. कुणावर खटला भरायचा आणि कुणावर नाही, हे शहाऐंशी वर्षे एकाच घराने ठरवलेले. खटला चालला वॉल्टरबरो या लहानशा गावी. तिथल्या कोर्टाच्या भिंतीवर आरोपीच्या आजोबांची तसबीर लावलेली होती. न्यायाधीश क्लिफ्टन न्यूमन यांच्या हुकुमाने ती खटल्यापुरती उतरवून ठेवावी लागली. ‘आपल्याकडे तर हार घालून अगरबत्ती लावली असती,’ असे मी म्हणाले, तेव्हा बहीण बऱ्याच दिवसांनी हसली.

प्रकरण असे. ७ जून २०२१ च्या रात्री या वकिलाची ५२ वर्षांची पत्नी मॅगी आणि २२ वर्षांचा धाकटा मुलगा पॉल हे दोघे त्यांच्या शेतवाडीवरच, कुत्र्यांच्या खुराड्यांजवळ, गोळ्या लागून मेलेले सापडले. पोलिसांना फोन केला तो खुद्द वकिलाने.

बहिणीकडे येणाऱ्याजाणाऱ्या मंडळींना हे सारे तोंडपाठ होते. बाळाला पाहायला म्हणून यायचे, बाळ झोपलेले असायचे, मग विषय आपोआप कोर्टाकडे वळायचा. चहा करता करता मी ऐकत असे. ऐकता ऐकता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. ही कुजबुज एक नव्हती. तिने दोन वर्षांत तीनदा कूस बदलली होती. आधी सगळे म्हणत होते, हा सूड आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये एक बोट पुलावर आदळून एक १९ वर्षांची मुलगी मरण पावली होती. दारूच्या नशेत बोट चालवल्याचा आरोप पॉलवर होता आणि तो खटला उभा राहायचा होता. तेव्हा कुणीतरी दावा साधला. पुढे सप्टेंबर २०२१ मध्ये भागीदारांनी वकिलाला पैशांच्या अफरातफरीबद्दल फर्ममधून जायला लावले, आणि दुसऱ्याच दिवशी रस्त्याच्या कडेला त्याच्या डोक्याला गोळी चाटून गेली. मग सगळे म्हणाले, आता मारेकरी यालाही संपवायला निघाले. थोड्याच दिवसांत उघड झाले, की ही गोळी त्याने स्वतःच घडवून आणली होती. मोठ्या मुलाला विम्याचे एक कोटी डॉलर मिळावेत म्हणून. त्याच सुमारास वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनाचीही त्याने कबुली दिली. आणि मग सगळे म्हणाले, ‘आम्ही तेव्हाच म्हटलं होतं!’

तेव्हा त्यांनी काय म्हटले होते, हे कुणाच्याच लक्षात नव्हते.

व्यसनाचे कळल्यावर तर कुजबुजीला खुंटीच मिळाली. त्या खुंटीवर वाटेल ते टांगता येते. या गोळ्या म्हणजे अफूच्याच जातीच्या. शस्त्रक्रियेनंतरच्या दुखण्यासाठी डॉक्टर देतात, आणि कित्येकांना त्या सुटत नाहीत. वीस एक वर्षे आपण त्यांच्या आहारी होतो, असे तो म्हणाला. व्यसन खरे होते. अशिलांचे पैसे खाल्ले, हेही खरे होते. घरातली मोलकरीण २०१८ मध्ये त्यांच्याच घरी पडून पुढे मरण पावली, तेव्हा तिच्या मुलांसाठी म्हणून मिळालेली विम्याची रक्कम, चाळीस लाख डॉलरांहून अधिक, यानेच गिळली. तीही त्याने पुढे कबूल केली. पण माणसे तिथे थांबली नाहीत. पैसे खाल्ले, तर तिला ढकललेही असेल. २०१५ साली त्या भागातल्या रस्त्यावर एक १९ वर्षांचा तरुण मरून पडलेला सापडला होता. तोही याच घराच्या खाती जमा झाला. आणि त्या तरुणाच्या बाबतीत नाव घेतले जाऊ लागले ते वकिलाचे नव्हे, मोठ्या मुलाचे.

त्या मुलावर कसलाही गुन्हा दाखल झालेला नव्हता. आई आणि भाऊ एका रात्रीत गेलेले, आजोबा त्यानंतर तीनच दिवसांनी गेलेले, बाप आरोपीच्या जागी. रोज सकाळी तो येऊन बापाच्या मागच्या बाकावर बसे, आणि कॅमेरा वळून वळून त्याच्या तोंडावर जाई. आमच्या दिवाणखान्यातले कुणीतरी म्हणे, ‘बघा, चेहऱ्यावर काही आहे का!’ तो रडला नाही की दगड, आणि डोळे पुसले की नाटकी.

पाचव्या की सहाव्या दिवशी त्या चेहऱ्याकडे बघता बघता माझ्या हातातला चहा निवला. हा चेहरा मी पूर्वी पाहिलेला होता.

आमचा वाडा पुण्याच्या पेठेतला. मी दहा वर्षांची होते. पुढच्या चौकात वरच्या मजल्यावर एक वकीलसाहेब राहत. फौजदारी खटल्यांत नाव असलेला माणूस. काळा कोट घालून सकाळी जिना उतरले की नळावरच्या बायकाही आवाज खाली आणत. संध्याकाळी मात्र ते पीत. हे सगळ्यांना ठाऊक होते आणि कुणी त्याबद्दल तोंडावर बोलत नसे. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर. एके दिवशी पहाटे तिची आई जिन्याच्या पायथ्याशी पडलेली सापडली. जिना लाकडी, उभा, पायऱ्या झिजलेल्या. आम्ही मुलेसुद्धा तो दोर धरून उतरत असू.

दहावा-बारावा होण्याच्या आत वाड्याचा निकाल लागला होता. पीत होते, म्हणजे मारत असतील. मारत होते, म्हणजे ढकलले असेल. एके दुपारी पापड लाटायला जमलेल्या बायकांपैकी एका काकूंनी मला जवळ ओढले. ‘तू जातेस ना गं त्यांच्याकडे अभ्यासाला? आदल्या दिवशी काही ऐकलंस?’

एवढ्या मोठ्या बायका माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. तसे आयुष्यात पूर्वी कधी झाले नव्हते. मी म्हणाले, ‘वकीलकाका खूप ओरडत होते म्हणे.’

मी काहीही ऐकले नव्हते. आदल्या दिवशी मी तिकडे गेलेच नव्हते. पण ‘म्हणे’ जोडल्यावर ते खोटे बोलणे वाटत नाही, ही या शब्दाची करामत मला दहाव्या वर्षी न शिकवता कळली होती. दुसऱ्या दिवशी तीच बातमी माझ्याच आईने घरात सांगितली. तोवर तिला शिव्या, आपटलेले भांडे आणि एक किंकाळी फुटली होती.

पोलिसांनी त्या मृत्यूत पुढे काही केले नाही. कुणावर खटला झाला नाही. खटलाच नाही, म्हणून सुटकाही नाही. वकीलसाहेबांचे काय खरे, काय खोटे, ते मला आजही ठाऊक नाही. महिन्याभराने मुलीचे मामा तिला सोलापूरला घेऊन जायला आले. निघताना ती माझे भूगोलाचे पुस्तक परत करायला आली. उंबऱ्याच्या आत मात्र आली नाही. तिथूनच तिने विचारले, ‘तू खरंच ऐकलंस का गं?’

मी म्हणाले, ‘मी नाही. सगळे म्हणत होते.’

तेव्हा तिचा चेहरा जसा झाला, तसा त्या कोर्टातल्या मुलाचा होता. न रडणारा, आणि कुणाकडेही न बघणारा.

त्यानंतरचे दिवस मी तो खटला निराळ्या नजरेने पाहिला. सहा आठवडे, सत्तरहून अधिक साक्षीदार. कुणी ‘अमक्याने मला सांगितले’ असे सुरू केले, की दुसऱ्या बाजूचा वकील ताडकन उभा राहायचा. ऐकीव गोष्ट! ज्याने पाहिले, ऐकले, त्याने स्वतः यावे, शपथ घ्यावी आणि उलटतपासणीला तोंड द्यावे. म्हणजे निसटलेल्या कर्त्याला धरून आणून वाक्यात बसवण्याचाच तो खटाटोप. ज्या पुराव्याने पारडे फिरले, तो तर कुजबुजीत कधी आलाच नव्हता. पॉलने मरण्यापूर्वी काही मिनिटे, रात्री ८ वाजून ४४ मिनिटांनी, मित्राच्या कुत्र्याचे फोनवर चित्रण केले होते, मिनिटभराचेही नाही. त्यात मागून बापाचा आवाज ऐकू येतो. आपण तिथे नव्हतोच, असे तो सुरुवातीपासून सांगत आला होता. साक्षीदारांनी आवाज ओळखल्यावर २३ फेब्रुवारीला पिंजऱ्यात उभे राहून त्याने मान्य केले, की आपण खोटे बोललो. गोळ्यांमुळे मनात संशय भरला होता. खून मात्र त्याने नाकारले, आणि पुढेही नाकारत राहिला.

शेवटच्या दिवशी एक गंमत झाली. ज्यूरीतल्या एका बाईंना न्यायाधीशांनी काढून टाकले. बाहेरच्या लोकांशी खटल्याविषयी बोलल्या म्हणून. खोलीत काही राहिले आहे का, असे विचारताच त्या म्हणाल्या, ‘एक डझन अंडी.’ सारे कोर्ट हसले. शेजारच्या वृद्ध बाई त्या वेळी बाळासाठी विणलेली टोपी घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘माझा भाऊ एकदा नऊ दिवस ज्यूरीवर होता. बायकोला अवाक्षर सांगितलं नाही. वहिनी अजून त्यावरून रुसते.’

मी हसले, पण मनात आले, नऊ दिवस! आम्हाला पापड वाळेपर्यंतही धीर नव्हता.

२ मार्चला ज्यूरीने तीन तासांच्या आत त्याला दोषी ठरवले. दुसऱ्या दिवशी दोन जन्मठेपा सुनावल्या गेल्या. आमच्याकडे फोन खणखणू लागले. ‘बघितलंत? आम्ही म्हणतच होतो!’ पुढे या निकालावर अपिले झाली, ज्यूरीशी अनुचित बोलल्याचा आरोप कोर्टाच्या लेखनिक बाईंवरच झाला, आणि त्यांना पद सोडावे लागले. शपथ घेतलेल्यांच्या कानांपर्यंतही कुजबुज पोचायला बघते, ती अशी. आणि तो मोठा मुलगा? त्या २०१५ च्या मृत्यूशी आपला काहीही संबंध नाही, असे निवेदन त्याला त्याच महिन्यात काढावे लागले. बापाच्या गुन्ह्याचा निकाल लागला, की जणू मुलाबद्दलचेही सगळे आपोआप सिद्ध होते. एक तर्क खरा ठरला, की त्याच्या पाठीवर बसून दहा तर्क नदी पार करतात.

परत आल्यावर मी सोलापूरच्या एका ओळखीच्यांकडे चौकशी केली. लग्नानंतर ती बडोद्याला असते, असे समजले. पत्ताही मिळाला. गेल्या दिवाळीत मी पत्र लिहायला बसले. ‘त्या दिवशी मी काहीही ऐकले नव्हते, ते मीच म्हटले होते,’ एवढे एक वाक्य लिहायला संध्याकाळ गेली. कर्ता, कर्म, क्रियापद सगळे जागच्या जागी होते. मराठीच्या पेपरात या वाक्याला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागले असते.

पत्र टाकले. उत्तर अजून आलेले नाही. आलेच पाहिजे, असे तरी मी कोणत्या तोंडाने म्हणू?