किल्ली आत, आम्ही बाहेर!

मुलांनो, रायगड तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. कुणी शाळेच्या सहलीतून, कुणी आई-बाबांबरोबर. आम्हीही पाहिला. पण आमच्या घरात आजही ‘रायगड’ म्हटलं, की आधी आठवते ती एक किल्ली!

गोष्ट आहे 1997 सालच्या डिसेंबरातली. मी तेव्हा सातवीत होतो. बाबांनी नुकतीच एक जुनी, छोटी, पांढरी गाडी घेतली होती. आजीला दमा. त्यामुळे गड चढणं तिला शक्यच नव्हतं. पण 1996 मध्ये रायगडावर रोपवे सुरू झाला, आणि आजीनं हट्टच धरला, “मरायच्या आधी मला महाराजांची समाधी बघायचीय.” झालं! एका रविवारी पहाटे आई, बाबा, आजी, ताई आणि मी असे पाच जण पुण्याहून निघालो.

वरंधा घाट उतरून महाडला आलो. बाबांनी चवदार तळ्यापाशी गाडी थांबवली. “इथं दार नव्हतं, कुलूप नव्हतं, तरी पाणी बंद होतं,” बाबा म्हणाले. “1927 साली डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो माणसांना बरोबर घेऊन या पाण्याला हात लावला.” आम्ही दोन मिनिटं काठावर उभे राहिलो. मग पाचाड. तिथं जिजाऊंची समाधी आहे. राज्याभिषेक 6 जून 1674 ला झाला आणि पुढच्या बाराच दिवसांत जिजाऊ गेल्या, हे आजीनंच आम्हाला सांगितलं.

रोपवे जिथून सुटतो, त्या गावाचं नाव हिरकणीवाडी. एका चहाच्या टपरीसमोर बाबांनी गाडी लावली आणि आजीला हात द्यायला ते घाईनं उतरले. मी सगळ्यात शेवटी उतरलो. आमच्या गाडीला खिडकीच्या काठाशी खिळ्यासारखा एक खटका होता. तो दाबायचा, बाहेरची मूठ वर धरायची आणि दार लावायचं. बस्स, किल्ली न लावताच दार बंद! ही युक्ती मी आठवड्यापूर्वीच शिकलो होतो. मोठ्या रुबाबात मी चारही दारं लावून टाकली.

गडावर आम्ही चार तास होतो. वर जायला पाळण्यात चार-पाच मिनिटं. पायऱ्यांनी गेलो असतो, तर चौदाशेंहून जास्त पायऱ्या चढाव्या लागल्या असत्या! बाजारपेठेचे ते सरळ रेषेतले चौथरे पाहिले, राजसदर पाहिली, नगारखान्याखाली उभं राहून ताईनं टाळी वाजवली. जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचं नाव कोरलंय. गड बांधणारा हा माणूस! एवढा मोठा गड बांधला आणि नाव कुठं, तर पायरीवर. आजी समाधीसमोर बराच वेळ हात जोडून बसली. तिचा चेहरा इतका शांत मी आधी कधी पाहिला नव्हता.

साडेतीनला खाली आलो. बाबांनी खिसा चाचपला. दुसरा चाचपला. मग ते काचेला नाक लावून आत पाहू लागले.

किल्ली स्टेअरिंगखाली लटकत होती.

माझ्या पोटात गोळा आला. बाबा काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात आई हळूच म्हणाली, “अहो, आईंचा पंप पण पिशवीतच राहिलाय. मागच्या सीटवर.”

आता मात्र सगळेच गप्प झाले. दम्याच्या माणसाला श्वास लागला, तर तो औषधाचा पंप हाताशी पाहिजे. डिसेंबरातली संध्याकाळ, डोंगराचा गार वारा! दुसरी किल्ली होती, पण पुण्याच्या कपाटात, शंभराहून जास्त किलोमीटर लांब. मोबाईल तेव्हा आमच्यासारख्यांकडे कुठले?

बाबांनी रस्त्याकडेचा एक दगड उचलला.

“थांब रे,” आजी म्हणाली. ती टपरीच्या बाकावर बसली होती. “मी आत्ता बोलतेय ना? मला बोलताना धाप लागायला लागली, की खुशाल फोड काच. तोवर दुसरा काही उपाय बघ.”

टपरीवाल्या मावशी हे सगळं ऐकत होत्या. चहाचा कप आजीच्या हातात देत त्या म्हणाल्या, “दादा, महाडला स्टँडजवळ किल्लीवाले बसतात. आता यष्टी येईल, मास्तरच्या हातात चिठ्ठी द्या. तो पोचवतो.”

बाबांनी माझ्या वहीतलं पान फाडून चिठ्ठी लिहिली. गाडी कोणती, कुठं उभी आहे आणि आत औषध अडकलंय, सगळं लिहिलं. एस. टी. आली. कंडक्टरनं चिठ्ठी वाचली, शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली आणि म्हणाला, “भेटला तर परतीच्या गाडीत बसवून देतो.” घंटी वाजली. गाडी गेली.

‘भेटला तर’! तुम्ही कधी असं थांबलायत का? चिठ्ठी पोचली का, माणूस भेटला का, काही म्हणजे काही कळत नाही. नुसतं रस्त्याकडे बघत बसायचं.

मी आजीजवळ जाऊन बसलो. ती बोलतेय ना, यावर मला लक्ष ठेवायचं होतं. म्हणून मी म्हटलं, “आजी, हिरकणीची गोष्ट सांग ना.” आजीनं माझ्याकडे बघितलं. तिला सगळं कळलं असणार. ती सांगू लागली.

“ही वाडी तिच्याच नावाची बरं का. हिरकणी दूध विकायला गडावर जायची. एकदा कोजागिरीला तिला उशीर झाला. सूर्य मावळला आणि दरवाजे बंद झाले. ती पहारेकऱ्यांच्या विनवण्या करते, अरे, माझं तान्हं बाळ घरी आहे. पण महाराजांचा हुकूम म्हणजे हुकूम. एकदा बंद झालेला दरवाजा सकाळपर्यंत उघडायचा नाही.”

“मग पहारेकरी दुष्ट होते?”

“दुष्ट कसले? आज हिच्यासाठी उघडला, उद्या दुसऱ्यासाठी उघडला, तर दरवाजा ठेवायचा कशाला? पण आईचा जीव... ती अंधारात... कड्यावरून उतरली.” आजी मध्येच थांबली. एक श्वास घेतला. “महाराजांना कळलं, तेव्हा त्यांनी तिचा सत्कार केला. आणि त्या कड्यावर बुरूज बांधून घेतला. तो हिरकणीचा बुरूज.”

ही दंतकथा आहे, इतिहासाच्या कागदात ती शोधायची नाही, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी फक्त एवढंच मोजत होतो, की आजी पहिल्यांदा वाक्याच्या मध्ये थांबली.

साडेपाचला वळणावर एस. टी. दिसली. तिच्यातून एक वयस्कर गृहस्थ उतरले. पांढरी दाढी, हातात पत्र्याची पेटी. आम्ही सगळे पळतच त्यांच्याकडे गेलो. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, आणि मग पेटी न उघडताच म्हणाले, “साहेब, गाडीचे कागद दाखवा.”

“कागद आतच आहेत हो!” बाबा जवळजवळ ओरडलेच. “माझी आई तिकडे...”

“ते बरोबर. पण गाडी तुमची आहे, हे मला कसं कळणार? माझा धंदाच कुलूप उघडायचा. विचारलं नाही, तर मी कोण झालो?”

मला त्यांचा भयंकर राग आला. अगदी हिरकणीला पहारेकऱ्यांचा आला असेल तेवढा! बाबांनी खिशातून लायसन्स काढलं. काकांनी नाव वाचलं, मग टपरीकडे वळून विचारलं, “मावशी, तुम्ही ह्यांना ओळखता?”

“ओळख कसली! पण सकाळी माझ्यासमोर ह्याच गाडीतनं उतरले. ह्या पोरानंच दारं आपटली की!”

सगळे हसले. मी सोडून.

काकांनी पेटी उघडली. एक कोरी किल्ली काढली, म्हणजे जिला दातेच नाहीत अशी. ती कुलपात घालून अगदी हलकी फिरवायची, बाहेर काढून उजेडात धरायची, दोन-तीन वेळा कानस मारायची, पुन्हा आत. मी न राहवून विचारलं, “काका, नुसतं घासून काय होतं?”

“कुलपात पितळेच्या बारक्या पट्ट्या असतात, बाळ. कुठली उंच, कुठली बुटकी. किल्लीचे दाते बरोबर असले, की सगळ्या पट्ट्या एका रेषेत येतात आणि कुलूप फिरतं. एक जरी अडली, तर फिरत नाही. कुलपाला मालक ओळखता येत नाही, त्याला फक्त किल्ली कळते.” मग जरा थांबून ते म्हणाले, “आम्ही शिकलगार. आमचे वाडवडील तलवारींना धार लावायचे, झिलई करायचे. आता तलवारी राहिल्या नाहीत. कानस तेवढी राहिली.”

वीस मिनिटं झाली. आजी आता बोलत नव्हती, नुसती मान हलवत होती. बाबांनी दगड परत हातात घेतला. आणि तेवढ्यात टक् असा आवाज आला. दार उघडलं!

ताईनं झडप घालून पिशवी काढली. आजीनं पंप ओढला, डोळे मिटले. थोड्या वेळानं तिचे खांदे खाली आले. “बघ,” ती म्हणाली, “काच शाबूत राहिली.” पूर्ण वाक्य, एका दमात! मग मात्र मला रडूच फुटलं.

काका घाईत नव्हते. त्यांनी गाडीचे कागद मागून घेतले, लायसन्सवरचं नाव त्याच्याशी ताडून पाहिलं, आणि मगच नवी किल्ली बाबांच्या हातात ठेवली. मजुरी घेतली तीही आधी ठरली होती तेवढीच. आम्ही त्यांना गाडीतूनच महाडला सोडलं. वाटेत बाबा मला म्हणाले, “किल्ली मी विसरलो, दार तू लावलंस. अर्धी-अर्धी चूक.” ती नवी किल्ली त्या दिवसापासून आईच्या पर्समध्ये राहायला गेली.

आता काळ बदललाय. गाड्यांना रिमोट आले, हातात फोन आले. पण किल्ली आत राहायची ती राहतेच! म्हणून आमच्या फजितीतून एवढं लक्षात ठेवा:

– दुसरी किल्ली घरच्या कपाटात नको. ती बरोबरच्या दुसऱ्या माणसाकडे द्या.

– औषध गाडीत नको, अंगावरच्या पिशवीत हवं.

– आधी जवळच्या माणसाला सांगा. विमा कंपनीकडून किंवा गाडीच्या कंपनीकडून रस्त्यावरची मदत मिळत असेल, तर तो नंबर फोनमध्ये आधीच लिहून ठेवा.

– किल्लीवाल्यानं कागद मागितले, तर चिडू नका. जो मागत नाही, त्याचीच काळजी करा.

– आणि सगळ्यात महत्त्वाचं: बंद गाडीत लहान मूल अडकलं असेल, तर कुणाचीही वाट बघायची नाही. उन्हात उभी असलेली गाडी थोड्याच मिनिटांत भट्टीसारखी तापते. लगेच मोठ्यांना हाक मारा, 112 ला फोन करायला सांगा. मूल घामाघूम किंवा मलूल दिसलं, तर मोठ्यांनी त्याच्यापासून लांबची, बाजूची काच फोडावी. समोरची काच लवकर फुटत नाही. काच नवी बसवता येते.

रायगडावर मी नंतर पुष्कळदा गेलो. दर वेळी हिरकणीवाडीत गाडी लावली, की दार लावायच्या आधी माझा हात आपोआप खिशाकडे जातो. शेजारी बसलेला माझा मुलगा हसतो. पण मग हळूच तोही विचारतो, “बाबा, किल्ली घेतलीत ना?”