४ मीटरचा सेन्सर आणि आपला हायवे

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची प्रोजेक्ट प्रदर्शनं लागली की आम्हा पत्रकारांना बोलावणं येतं. मी आवडीने जातो. दारू प्यायलेल्याची गाडी सुरूच होऊ न देणारं हेल्मेट, डुलकी लागली की वाजणारा बझर, अंधांसाठी काठी, आजोबा पडले तर मुलाला मेसेज पाठवणारा पट्टा. विषय चांगले असतात, पोरं मेहनतही करतात. पण "हे कोणी वापरून बघितलं का?" असं विचारलं की एकमेकांकडे बघतात.

यंदा एका टेबलावर हायवेवरची धडक टाळणारं यंत्र होतं. त्यात एचसी-एसआर०४ नावाचा स्वस्त सेन्सर. आवाजाची लहर सोडायची, ती आदळून परत आली की अंतर काढायचं. पल्ला जास्तीत जास्त ४ मीटर. आता हिशोब करा. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला १६ मीटरहून जास्त पुढे जाते. म्हणजे बझर वाजल्यापासून धडकेपर्यंत पाव सेकंद! ब्रेकवर पाय तरी पोचेल का?

पण हाच सेन्सर कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये नेऊन बघा. ट्रेलर मागे घेताना क्लीनर मागे उभा राहून "येऊ द्या, येऊ द्या" ओरडत असतो. ड्रायव्हरला तो दिसेलच असं नाही. तिथे वेग ताशी ५ किलोमीटर. त्या वेगाने ४ मीटर जायला जवळजवळ ३ सेकंद लागतात. तेवढ्यात माणूस वाचू शकतो. अर्थात पावसा-चिखलात टिकणारं कव्हर लागेल, अंगावरच्या कपड्यांवरून लहर नीट परत येते का तेही बघावं लागेल. ते कॉलेजच्या लॅबमध्ये कळणार नाही, तिथेच जावं लागेल.

हे सांगितल्यावर ग्रुपमधली एक मुलगी म्हणाली, "सर, पण तिथे आम्हाला आत कोण सोडणार?"

मुद्दा इथेच आहे मित्रांनो. पोरांना नावं ठेवणं सोपं आहे. तयार प्रोजेक्ट विकत घेणारेही आहेत, नाही असं नाही. पण ज्यांना खरंच काही करायचंय त्यांना प्रश्न दाखवणारं कोणी नाही. तोंडी परीक्षा झाली की मॉडेल कपाटात, पुढची बॅच परत शून्यापासून.

दुसरी पद्धत आपल्याच राज्यात आहे. आयआयटी मुंबईत २०१४ साली राज्य सरकारच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या मदतीने 'बेटिक' हे केंद्र सुरू झालं. तिथे डॉक्टर आपली अडचण सांगतात आणि इंजिनिअर त्यांच्याबरोबर बसून उपकरण घडवतात. तिथल्या तरुणांनी केलेला डिजिटल स्टेथोस्कोप २०२० च्या कोरोनात कामाला आला. छातीचा आवाज ब्लूटूथवरून येत असल्याने डॉक्टर रुग्णापासून लांब राहून ऐकू शकत होते.

पनवेलला आयआयटी नसेल, पण प्रश्न किती आहेत! कळंबोलीपासून सुरू होणारा एक्स्प्रेस वे, जेएनपीटीचे ट्रेलर, तळोजा एमआयडीसी, उपजिल्हा रुग्णालय, कामोठ्याचं एमजीएम. आणि हाकेच्या अंतरावर इंजिनिअरिंग कॉलेजं.

म्हणून तीन मागण्या. महापालिका आणि रुग्णालयांनी दरवर्षी जूनमध्ये आपल्या अडचणींची यादी कॉलेजांना द्यावी. मार्केट आणि कारखान्यांनी ओळखपत्र बघून चार पोरांना दोन दिवस आत सोडावं. आणि चांगला प्रोजेक्ट पुढच्या बॅचने तिथूनच पुढे न्यावा, त्यालाही मार्क मिळावेत.

यादीची सुरुवात इथेच करूया. तुम्ही ड्रायव्हर असा, माथाडी कामगार, नर्स नाहीतर वॉर्डबॉय, तुमच्या कामात माणूस नेमका कशाने जखमी होतो ते कमेंटमध्ये लिहा. जमेल तेवढं कॉलेजांपर्यंत मी पोचवतो.