परिपाठातली पोथी, तासाची पोथी

सातारा-सांगली भागातल्या शाळेचा दिवस परिपाठाने सुरू होतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बोधकथा. मुले रांगेत उभी असतात, प्रार्थनेला हात जोडले जातात, डोळे मिटतात. मग घंटा होते आणि पहिला तास सुरू होतो. शाळेत धर्म असावा की नसावा, यावर आपण हिरिरीने भांडतो. पण धर्मग्रंथ मुलाला शाळेत नेमका कुठे भेटतो, हे क्वचित विचारतो. परिपाठात तो म्हणायचा असतो, तासाला वाचायचा असतो. परिपाठात कुणी हात वर करून "बाई, हे असं का?" असे विचारत नाही. तासाला हा प्रश्न आला नाही, तर तास वाया गेला असे मी मानते.

माझे मत सुरुवातीलाच सांगते. धर्मग्रंथ शाळेत हवेत, पुष्कळ हवेत, सगळ्या धर्मांचे हवेत आणि ते तासाला हवेत. परिपाठात नकोत.

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवले आणि पुढे अध्यापक महाविद्यालयात मराठीचे शिक्षक घडवण्याचे काम केले. मराठीच्या शिक्षकाला धर्मग्रंथ टाळताच येत नाहीत. लीळाचरित्र, ज्ञानेश्वरी, नामदेव-जनाबाई-चोखोबांचे अभंग, एकनाथांची भारुडे, तुकोबांची गाथा, दासबोध हे सगळे बाजूला ठेवले, तर इंग्रजी अमलाआधीच्या मराठीत शिकवायला उरते थोडे. आणि ही परंपरा एका धर्माची नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहिला. इंग्लंडात जन्मलेल्या फादर स्टीफन्सने गोव्यात येऊन ओवीत 'ख्रिस्तपुराण' रचले, ते 1616 साली छापले गेले. आमच्याकडे प्रत्येक वर्गात मुलाणी, आतार, तांबोळी आडनावांची मुले असतात. संतवाणीच्या तासाला ती पाहुण्यासारखी बसतात. शेख महंमदांचे नाव फळ्यावर लिहिले की त्यांच्या माना वर होतात. हे मी अनेकदा पाहिले आहे, आणि एवढ्यासाठी तरी तो पाठ असायला हवा असे मला दर वेळी वाटले आहे.

मे 2024 मध्ये राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा जाहीर झाला. मनाचे श्लोक आणि गीतेचा बारावा अध्याय यांच्या पाठांतराची सूचना आणि त्यात आलेला मनुस्मृतीतला एक श्लोक यांवरून वादळ उठले. एका बाजूने म्हटले, संस्कार नकोत का? दुसऱ्या बाजूने म्हटले, हे सगळेच शाळेबाहेर ठेवा. सज्जनगडाच्या पायथ्याशी राहणाऱ्या आम्हा माणसांना मनाचे श्लोक नवे नाहीत. समर्थांचे शिष्य भिक्षा मागताना दारोदार ते म्हणत, असे परंपरा सांगते. आमच्याकडच्या कितीतरी घरांत ते आजीच्या तोंडून नातवंडांकडे आले. वाद त्यांच्या थोरवीचा नव्हता आणि पाठांतराचाही नव्हता. पाठांतर मला प्रिय आहे. ज्याला शंभर कविता पाठ नाहीत त्याने मराठी शिकवू नये, इतकी मी त्या बाबतीत कडवी आहे. पण दोनच ग्रंथ निवडायचे, तेही एकाच धर्माचे, आणि त्यांचा अर्थ कळायच्या आत ते तोंडी बसवायचे, यात शिक्षण कुठे आहे, हा माझा प्रश्न आहे.

तासाला हेच श्लोक कसे दिसतात ते सांगते. आधी टाळ्यांवर वृत्त: लगागा लगागा लगागा लगागा. भुजंगप्रयात पाच मिनिटांत सगळ्या वर्गाच्या अंगात भिनते. मग विचारायचे, कवी कुणाशी बोलतो आहे? स्वतःच्या मनाशी. मग त्याला 'सज्जना' म्हणून का गोंजारायचे? दटावत का नाही? दोनशे पाच श्लोक लिहावे लागावेत इतके हे मन हट्टी आहे का? मुले स्वतःच्या मनाबद्दल बोलू लागतात, आणि आठवीतले मूल स्वतःच्या मनाबद्दल वर्गात बोलते ही साधी गोष्ट नव्हे. त्यानंतर मी धम्मपदातला चित्तवग्ग काढत असे. तिथेही विषय तोच: चंचल, आवरायला अवघड असे चित्त. दोघांत फरकही मोठा आहे. समर्थ मनाला राघवाकडे वळवतात. बुद्धाच्या वचनांत असा कुणी नाही, तिथे मनाने मनालाच सांभाळायचे आहे. बौद्ध घरातले मूल आणि वारकरी घरातले मूल एकाच बाकावर बसून हा फरक शोधतात. कोण बरोबर, हे बाई सांगत नाहीत. ते ठरवण्याची जागा शाळा नाही.

परिपाठ आणि तास यांतल्या भेदाला आधार शोधायला मला लांब जावे लागत नाही. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव दाखल झाले. हा दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. साताऱ्याच्या शाळेत त्याला वेगळ्या तरटावर बसावे लागे आणि शिपायाने नळ सोडल्याशिवाय पाणी मिळत नसे, हे बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. घरी मात्र कबीरपंथी वडील रामजी सुभेदार मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात त्याला संस्कृत शिकायचे होते, ते मिळाले नाही. फारसी घ्यावे लागले. ज्या ग्रंथांच्या आधारे त्याला तरटावर बसवले जात होते, ते ग्रंथ वाचण्याची भाषाच त्याला नाकारली गेली.

त्याच मुलाने 7 डिसेंबर 1948 रोजी घटना समितीत उत्तर दिले. सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांत धार्मिक शिक्षण असू नये, या कलमावर चर्चा चालू होती. पंडित लक्ष्मीकांत मैत्र यांनी विचारले की, मग संस्कृत संस्थांत वेद, स्मृती, गीता, उपनिषदे शिकवतात त्यांचे काय? बाबासाहेबांनी सांगितले की धार्मिक शिक्षण म्हणजे अमुक मानलेच पाहिजे असा सिद्धांत बिंबवणे, आणि अभ्यास ही त्याहून वेगळी गोष्ट आहे. संस्कृत नाकारले गेलेल्या माणसाने संस्कृत ग्रंथांच्या अभ्यासाची वाट मोकळी ठेवली. 1927 च्या डिसेंबरात महाडला मनुस्मृती जाळली गेली ती त्यांच्याच नेतृत्वाखाली, आणि त्या ग्रंथाचा त्यांच्याइतका बारकाईने अभ्यास केलेले फार थोडे होते. जाळणारा आणि अभ्यासणारा एकच माणूस असू शकतो. ग्रंथाला फक्त नमस्कार करू देणाऱ्या शाळेतून तसा माणूस घडणार नाही. तो ग्रंथ कपाटात कुलूपबंद ठेवणाऱ्या शाळेतूनही घडणार नाही.

कायदा काय सांगतो, हे पालकांना आणि दुर्दैवाने पुष्कळ मुख्याध्यापकांनाही ठाऊक नसते. संविधानाच्या अनुच्छेद 28 नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत, म्हणजे आपल्या जिल्हा परिषद शाळेतही, धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय, अज्ञान असेल तर पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या बहुतेक माध्यमिक शाळा अनुदानित खासगी संस्थांच्या आहेत, म्हणून हे दुसरे वाक्य आपल्या रोजच्या कामाचे आहे. नाशिकच्या एका शिक्षकाने प्रार्थनेला हात जोडायला नकार दिला. त्याच्यावर कारवाई करणाऱ्या शाळेला 2013 साली मुंबई उच्च न्यायालयाने याच अनुच्छेदाची आठवण करून दिली. अभ्यासाची बाजूही न्यायालयाने मान्य केली आहे. धर्मांविषयीच्या शिक्षणाला घटनेचा अडसर नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली अरुणा रॉय खटल्यात दिला. त्यात आधार घेतला होता शंकरराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीच्या 1999 सालच्या अहवालाचा. त्याही आधी कोठारी आयोगाने धर्माचे शिक्षण आणि धर्मांविषयीचे शिक्षण यांत फरक केला होता. त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते आपल्या कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही 1963 साली शाळेतले बायबलपठण घटनाबाह्य ठरवताना बायबलचा साहित्य आणि इतिहास म्हणून अभ्यास करायला मोकळीक ठेवली.

कर्मवीर भाऊराव पाटलांकडे या प्रश्नाचे उत्तर कागदावर नव्हते, स्वयंपाकघरात होते. जैन घरात जन्मलेल्या या माणसाला विद्यार्थिदशेत सोवळ्याओवळ्याच्या नियमांवरून कोल्हापूरचे बोर्डिंग सोडावे लागले. सांगलीकडच्या दुधगावात त्यांनी बोर्डिंगचा पहिला प्रयोग केला. 1919 साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था उभी राहिली, 1924 मध्ये ती साताऱ्याला आली. 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते शाहू बोर्डिंगचे नामकरण झाले. तिथे महार, मराठा, मुसलमान, जैन, मांग, ब्राह्मण मुले एकत्र स्वयंपाक करत आणि एका पंगतीत जेवत. सत्यशोधक विचारांतल्या भाऊरावांनी मुलांचा देव काढून घेतला नाही आणि कुणाचा देव कुणावर लादलाही नाही. आपल्या पंचक्रोशीत शाळा आणि धर्म यांचा मेळ असा बसला होता. ही गोष्ट आम्ही जयंतीच्या भाषणात सांगतो आणि दुसऱ्या दिवशी परिपाठात विसरतो.

औंधचेही उदाहरण घ्यायला हवे. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार लागू केले, मंत्रांसह. पोरांची शरीरे त्यामुळे काटक झाली, यात मला शंका नाही. पण व्यायाम सगळ्यांचा आणि मंत्र ज्याच्या त्याच्या इच्छेचा, एवढे केले तर आजच्या शाळेत सूर्यनमस्कारावरून एकाही मुलाला रांगेबाहेर उभे राहावे लागणार नाही.

धर्म शाळेत नकोच म्हणणाऱ्या मित्रांशीही माझे पटत नाही. शाळेने दार लावले म्हणून धर्म मुलापर्यंत पोहोचायचा थांबत नाही. तो मोबाइलवरून येतो, चौकातल्या फलकावरून येतो, रात्री अकराला कुणीतरी पुढे ढकललेल्या व्हिडिओतून येतो, आणि तिथे हात वर करून प्रश्न विचारायची सोय नसते. सप्टेंबर 2023 मध्ये आमच्या खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत सोशल मीडियावरच्या पोस्टवरून दंगल झाली, एका तरुणाचा जीव गेला. याच मातीत वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीत मशिदीत गणपती बसतो, आणि कडेगावच्या मोहरमला हिंदू-मुसलमान मिळून उंच ताबूत उभारतात. या दोन्ही गावांची गोष्ट मला माझ्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात शिकवायला मिळाली नाही. शेजाऱ्याच्या ग्रंथात काय आहे, हे ज्याला कधी कुणी शांतपणे सांगितले नाही, त्याला त्याविषयी काहीही सांगता येते.

खरी अडचण शिक्षकाची आहे. आमच्या अध्यापक महाविद्यालयांत भाषा, गणित, मूल्यमापन, मानसशास्त्र असते. पण दुसऱ्याच्या श्रद्धेविषयी वर्गात कसे बोलावे याचा एकही तास नसतो. नवा शिक्षक त्यामुळे एकतर कीर्तन करतो किंवा घाबरून पाठ उरकतो. मी तयार केलेल्या पाठटाचणांत विद्यार्थी-शिक्षकांना तीन प्रश्न लिहावेच लागत: हे कुणी, कुणासाठी, कधी म्हटले? ते मानणारा माणूस यातून काय घेतो? ते न मानणाऱ्याला यात काय सापडेल? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आदराने देता आले आणि तिसऱ्याचे न घाबरता देता आले, की शिक्षक तयार झाला.

यासाठी परदेशी पुस्तके मागवायची गरज नाही. सगळे सामान वाईला आहे. नारायणशास्त्री मराठ्यांनी तिथे प्राज्ञपाठशाळा काढली, धर्मकोशाचे काम उभे केले. त्यांचे शिष्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी धर्मशास्त्रे पचवून अस्पृश्यतेविरुद्ध शास्त्राधार दिला, 'हिंदू धर्माची समीक्षा' लिहिली, भारतीय संविधानाचा संस्कृत अनुवाद केला आणि मराठी विश्वकोशाचे नेतृत्व केले. याच पाठशाळेत विनोबा काही काळ शिकून गेले. पुढे त्यांनी गीताई लिहिली आणि कुराणसार, ख्रिस्तधर्मसार, धम्मपदाची नवी मांडणी असे ग्रंथही सिद्ध केले. वाईच्या परंपरेतली ही माणसे श्रद्धाळूही होती आणि चिकित्सकही. पंडिता रमाबाईंनी केलेले बायबलचे भाषांतर, साने गुरुजींचे 'इस्लामी संस्कृती' हेही मराठीतच आहे. आठवी ते दहावीच्या मुलांसाठी या सगळ्यातून वेच्यांचे एक पुस्तक सहज होईल. सातारा-सांगलीच्या शिक्षकांनी ते एकत्र बसून करावे, असे मला फार वाटते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर दुसरे सत्र सुरू होईल आणि पहिली पालकसभा भरेल. गुणपत्रक बघून झाल्यावर मुख्याध्यापकांना दोन गोष्टी विचारा. परिपाठाच्या प्रार्थनेत एखादे मूल हात न जोडता शांत उभे राहिले, तर त्याला कुणी रागावते का? आणि शाळेच्या ग्रंथालयात गीता, कुराण, बायबल, धम्मपद यांची मराठी पुस्तके मुलांना घरी न्यायला मिळतात का? पहिल्याचे उत्तर 'नाही' आणि दुसऱ्याचे 'हो' असले पाहिजे. तसे नसेल, तर लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.