आठवण्याची सक्ती नको

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या सोयीचं घर करून द्यायला मी जाते, तेव्हा मुलं बहुतेक वेळा रिनोव्हेशनची मोठी यादीच पुढे करतात. नवी फरशी, नवा रंग, आईला दुसरी हवेशीर खोली. मी ती यादी बाजूला ठेवायला सांगते. अल्झायमरमध्ये नवी आठवण साठवणारा मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, लवकर झिजतो. नवी खोली कितीही छान असली तरी तिची ओळख पटत नाही. जुन्या खोलीत पाय आपसूक चालतात.

माझं काम सुरू होतं संडासापासून. पांढरी फरशी, पांढऱ्या भिंती, पांढरा कमोड. वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळट होतं, जवळजवळचे रंग वेगळे दिसत नाहीत, त्यात हा आजार. आजोबांना कमोड दिसतच नाही आणि घरचे म्हणतात, "मुद्दाम कोपऱ्यात करतात." गडद निळी सीट बसवावी, रात्री आत दिवा असावा आणि पलंगावरून कमोड दिसेल असं दार उघडं ठेवावं. एवढ्यानं पुष्कळदा माणसाची लाज राखली जाते. दारातलं काळं पायपुसणं मात्र उचलाच. काहींना तिथे खड्डा दिसतो आणि पाऊल पुढे पडत नाही.

मला सगळ्यात खटकतो तो गाऊन. सोयीचा म्हणून साडी बंद करतात. पण हाताचं वळण मेंदूत वेगळ्या ठिकाणी जपलेलं असतं, ते बराच काळ टिकतं. एका आजींना मुलीचं नाव सांगता येत नव्हतं. मी साडी त्यांच्या हातात दिली. अंगठा आणि करंगळी ताणून त्यांनी भराभर निऱ्या घातल्या, काठाला काठ जुळवला, झटकल्या आणि खोचल्या. आता त्यांच्या पलंगाजवळच्या खुंट्यांवर परकर, ब्लाउज, साडी नेसायच्या क्रमानं टांगलेली असतात.

देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या बहुतेकांना घरचीच माणसं सांभाळतात.

विसर वाढतोय असं वाटलं तर आधी डॉक्टरांना दाखवा. थायरॉइडच्या बिघाडानं किंवा बी-१२ कमी झाल्यानंही विसर पडतो आणि तो उपचारांनी सुधारू शकतो. आणि आल्यागेल्यासमोर "सांग बघू, मी कोण?" अशी परीक्षा घेऊ नका. "आई, मी तुझा धाकटा आलोय," असं आपणच सांगा आणि मग गप्पांना बसा.