लुआंग्वाच्या काठी पायी

वन्य प्राणी पाहावयाचे ते जीपमध्ये बसून, ही आमची समजूत कान्हाच्या दोन-तीन वाऱ्यांत पक्की झाली होती. तेथे गाडीतून खाली उतरण्यासच मज्जाव. झांबियातील दक्षिण लुआंग्वा राष्ट्रीय उद्यानाची ख्याती मात्र पायी हिंडण्यासाठीच. नॉर्मन कार यांनी ही प्रथा तेथे रुजविली. २०१४ च्या ऑगस्टात आम्ही उभयता तेथे पोहोचलो, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी एक छापील अर्ज पुढे आला. चालण्यास अडथळा आणणारी काही व्याधी आहे काय, या रकान्यात आम्ही ‘नाही’ असे लिहिले. सौ.ने आमच्या डाव्या गुडघ्याकडे पाहिले. बोलली मात्र काही नाही.

सकाळी सहाला रांग निघे. पुढे उद्यान खात्याचा बंदूकधारी रक्षक, त्याच्यामागे वाटाड्या, मग आम्ही सहा पाहुणे. पहिल्या दिवशी आम्ही शेवटी होतो. दुसऱ्या दिवशी वाटाड्याने आम्हाला आपल्या पाठीशीच बोलावून घेतले. आमच्या जिज्ञासेचा हा गौरव, असे आम्ही मानले.

तो राखेची पुरचुंडी झटकून वारा पाही आणि कुजबुजत माती वाचून दाखवी. हत्तीचा पुढचा पाय गोल उमटतो, मागचा लांबट. तळव्याच्या भेगांची नक्षी प्रत्येकाची निराळी. तरसाच्या ठशात नख्या दिसतात. सिंह त्या आत ओढून चालतो. एके ठिकाणी हत्तीच्या ठशावर सिंहिणीचे पाऊल पडले होते. म्हणजे हत्ती आधी, ती मागाहून. तर्क किती साधा, पण तो आम्हाला सुचला नव्हता. लिदीत बोट खुपसून ऊब अजमावण्याचे शास्त्र आम्ही दुरूनच शिकलो.

तिसऱ्या दिवशी रानरेड्यांचा माग एका आटलेल्या डबक्यात उतरला. माळव्याच्या काळ्या मातीत जन्म गेलेल्या आम्हाला ती भूमी ओळखीची वाटली; परंतु पावसाळ्यात हत्ती रुतून गेलेले तेथील खड्डे उन्हाने दगडासारखे कडक झाले होते. निम्मे अंतर कापले असेल-नसेल, तोच पुरचुंडीतली राख उलटी आमच्याच अंगावर आली. पलीकडच्या झुडपांतून एका म्हाताऱ्या रेड्याने डोके वर केले. वाटाड्याने मागे फिरण्याची खूण केली, आणि वळताना आमचा डावा पाय खड्ड्यात अडकून गुडघा लचकला. आम्ही खाली बसलो ते उठेचनात.

रक्षक आमच्या आणि रेड्याच्या मध्ये येऊन उभा राहिला. बंदूक त्याने खांद्याला लावली नव्हती, पण तिचे तोंड आता जमिनीकडे नव्हते. रेडा फुरफुरला, बघत राहिला, मग वळून गेला. सौ. म्हणते, सारे मिनिटभरात झाले.

त्या दिवसाचा माग सर्वांसाठीच तेथे संपला. कोणी चकार शब्द काढला नाही, हे अधिक जड गेले. परतीच्या वाटेवर आम्ही वाटाड्याजवळ अर्जातला खोटेपणा कबूल केला. त्याने वाळूतले आमचे सकाळचे ठसे काठीने दाखविले: उजवे पाऊल स्वच्छ, डाव्याच्या पुढे अंगठ्याने ओढलेली रेघ. पहिल्याच दिवशी त्याने ती पाहिली होती. म्हणूनच आम्हाला जवळ घेतले आणि चाल मंदावली.

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

“तुम्ही ‘नाही’ असे लिहिले होते,” तो म्हणाला.

उरलेले दोन दिवस आम्ही छावणीत बसून नदीतले पाणघोडे मोजले. सौ. रांगेबरोबर गेली. अखेरच्या सकाळी तिला सिंहीण दिसली.