वडाळे तळ्याच्या कांठीं

पनवेल हें तळ्यांचें गांव. येथील नगरपालिका १८५२ सालची. २०१६ सालीं तिची महानगरपालिका झाली, तरी वडाळे, कृष्णाळे, देवाळे हीं तळ्यांचीं नांवें अद्याप लोकांच्या तोंडीं आहेत. वडाळे तळ्याच्या कांठीं आम्ही सायंकाळीं फिरलों, तेव्हां गळ टाकून स्वस्थ बसलेली मंडळी दिसली. आमच्या घरीं मासा वर्ज्य. तरी तासभर पाण्यावर दृष्टि ठेवून मौन राखणें ही साधनाच, हें मान्य केलें पाहिजे. मात्र नायलॉनचा तुटका तंगूस वर्षानुवर्षें कुजत नाहीं. पाणपक्ष्यांच्या पायांस त्याचा फांस बसतो. गळास लागलेला मासा सोडून देतां येतो, हा फांस सोडविणारा कोण? मुलांस तळ्यावर अवश्य न्यावें. पण तुटका दोरा गुंडाळून परत आणण्याची संवय आधीं लावावी.