मांजराचा माफक औषधोपचार

पिसवा आणि जंत ही मांजराची दोन निरनिराळी दुखणी आहेत, असा आपला समज असतो; परंतु अंग चाटताना गिळलेल्या पिसवेतून पट्टकृमी त्याच्या आतड्यात प्रवेश करतो, हे ध्यानी घेतले म्हणजे एकीचा बंदोबस्त केल्यावाचून दुसऱ्यावरील खर्च व्यर्थ आहे, हे उमगते. म्हणून आज त्याची अंथरुणे गरम पाण्यात धुतली, कारण पिसवांची अंडी व अळ्या अंगापेक्षा तिथेच अधिक असतात. अंगावरच्या पिसवा विंचरून काढणाऱ्या बारीक दातांच्या फणीचा खर्च एकदाच. पट्टकृमीवरील प्राझिक्वांटेलच्या गोळीची मात्रा मात्र पशुवैद्याकडून वजनानुसार ठरवून घ्यावी, आणि त्यासाठी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याची वाट धरावी. काटकसरीच्या मोहाने कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिनयुक्त औषध मांजराला कदापि लावू नये. ते त्याच्या जिवावर बेतते.